साधा स्कॅन वगळू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत किडनीतील गाठींविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. हा विषय निवडल्याबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किडनीमध्ये गाठ दिसणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि रिपोर्टातल्या त्या एका ओळीने अख्ख्या घराची झोप उडते, हे मी निवृत्त होईपर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून पाहत आलो. पत्र लिहायला मात्र मला लेखाने नव्हे, तर त्यासोबत छापलेल्या सीटी स्कॅनच्या चित्राने प्रवृत्त केले. चित्राखाली ‘किडनीचा कर्करोग’ अशी ओळ आहे. चित्रातल्या गाठीच्या आत गडद करडे ठिपके दिसतात आणि त्यांची छटा किडनीभोवतीच्या चरबीच्या छटेशी तंतोतंत जुळते. वर्तमानपत्राच्या कागदावरून मोजमाप करता येत नाही, हे मी जाणतो. तरीही हे चित्र माझ्यासमोर आले असते, तर ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारण्याआधी मी ‘अँजिओमायोलायपोमा’ या गाठीचा विचार केला असता. रक्तवाहिन्या, गुळगुळीत स्नायू आणि चरबी यांची बनलेली ही गाठ एरवी कर्करोग मानली जात नाही.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. ‘स्कॅन केला की कोणती गाठ आहे ते नेमके कळते’ असा एकंदर सूर लेखात आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. स्कॅन गाठीची जागा सांगतो, आकार सांगतो, तिच्यात रक्तपुरवठा किती आहे, पाणी आहे का, चरबी आहे का, ती शिरेत शिरली आहे का, हे सांगतो. गाठीचे नाव मात्र बहुतेक वेळा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून देतो. नाव देण्याचे काम बऱ्याच खात्रीने स्कॅनच करू शकतो अशी प्रौढांमधली घन गाठ जवळजवळ एकच, ती म्हणजे चरबी असलेला अँजिओमायोलायपोमा. आणि नेमकी तीच ओळखण्याची संधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, रक्तवाहिन्या उजळवणारे द्रव्य) देण्याआधीचा साधा स्कॅन वगळल्यामुळे हातची जाते, हे माझे सांगणे आहे.

सीटी स्कॅनच्या यंत्राने पहिला रुग्ण तपासला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, इंग्लंडमध्ये, आणि तोही मेंदूतील गाठीसाठी. ते यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आज पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला जो आकडा मिळतो, त्याच्या एककाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १०००. स्नायू, यकृत, किडनी असे मऊ अवयव शून्याच्या वर बरेच जवळ-जवळ बसतात. चरबी मात्र शून्याच्या खाली, साधारण उणे १०० च्या आसपास येते. किडनीतल्या गाठीत उणे १० पेक्षा खालचा आकडा सापडला, तर तिथे डोळ्यांना दिसण्याजोगी चरबी आहे असे धरतात. हे मोजायला लागतो तो संगणकाचा माउस आणि थोडी चिकाटी. गाठीतल्या गडद भागावर एक लहानसे वर्तुळ काढायचे, ते कडेच्या चरबीला शिवत नाही ना याची खात्री करायची आणि शेजारी उमटलेली सरासरी वाचायची. वर्तुळ मोठे काढले तर शेजारचा स्नायू आत येतो आणि आकडा वर सरकतो. फारच लहान काढले तर चित्रातल्या खरखरीचाच आकडा हाती येतो. शिकाऊ डॉक्टर पहिली काही वर्षे या दोन चुका आलटून पालटून करतात. मीही केल्या आहेत.

आता अडचण अशी, की रुग्णाच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर हेच आकडे बदलतात. अँजिओमायोलायपोमामध्ये चरबीच्या जोडीला रक्तवाहिन्याही भरपूर असतात. कॉन्ट्रास्ट त्या वाहिन्यांत भरला, की चरबीचे बारीक कप्पे त्या झगमगाटात बुडून जातात आणि उणे आकडा शून्याच्या वर जाऊन बसतो. म्हणून किडनीतल्या गाठीसाठी स्कॅन करताना आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक फेरी घ्यायची असते. स्कॅनच्या खोलीत तिला ‘साधा स्कॅन’ किंवा ‘प्लेन’ म्हणतात. त्यानंतर कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ३० ते ४० सेकंदांनी किडनीची बाहेरची साल उजळते, दीड-दोन मिनिटांच्या सुमारास संपूर्ण किडनी एकसारखी भरते, आणि काही मिनिटांनी कॉन्ट्रास्ट मूत्रमार्गात उतरतो. या प्रत्येक टप्प्याचा उपयोग वेगळा आहे. पण पहिली साधी फेरी नसेल तर पुढच्या सगळ्यांची तुलना कशाशी करायची, हाच प्रश्न उरतो. गाठीने कॉन्ट्रास्ट घेतला असे खात्रीने म्हणण्यासाठी तिचा आकडा आधीपेक्षा २० ने तरी वाढलेला असावा लागतो. आधीचा आकडाच ठाऊक नसेल, तर जुन्या रक्तस्रावामुळे मुळातच दाट झालेला एखादा निरुपद्रवी सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या घन गाठीसारखा भासतो. साध्या फेरीत मात्र असा सिस्ट एकसंध आणि ७० किंवा त्याहून वरच्या आकड्याचा दिसला, की प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

तरीही ही फेरी सर्रास वगळली जाते. वेळ वाचतो, चित्रे कमी होतात, आणि क्ष-किरणांची मात्राही घटते. यातले शेवटचे कारण मला मान्य आहे, विशेषतः तरुण रुग्णांच्या बाबतीत; पोट दुखते म्हणून केलेल्या सर्वसाधारण स्कॅनला साधी फेरी लागतेच असे नाही. पण ‘किडनीत गाठ दिसली, ती कसली?’ हाच प्रश्न असेल, तर फेऱ्या कमी करताना सर्वांत शेवटी जिच्यावर काट मारावी ती ही. दोन ऊर्जांवर चालणाऱ्या नव्या यंत्रांवर कॉन्ट्रास्टची छाया संगणकाने वजा करून साध्या फेरीसारखे चित्र तयार करता येते. ते यंत्र जिथे आहे तिथे ही तक्रार काहीशी सौम्य होईल.

एक प्रसंग सांगतो. एका बाईंची किडनी काढण्याचे ठरले होते, तारीखही मिळाली होती. सोबतच्या सीटीत फक्त कॉन्ट्रास्टनंतरची चित्रे होती आणि रिपोर्टात ‘घन गाठ, कर्करोगाची दाट शक्यता’ असे लिहिले होते. दुसरे मत म्हणून ती सीडी माझ्याकडे आली. गाठीच्या खालच्या टोकाला एक कोपरा जरा मळकट दिसत होता, पण आकडा शून्याच्या वरचाच येत होता. आम्ही कॉन्ट्रास्ट न देता केवळ किडनीपुरते बारीक जाडीचे काप घेतले. त्या कोपऱ्यात तांदळाच्या दोन दाण्यांएवढी जागा सापडली आणि वर्तुळाशेजारी आकडा उमटला उणे साठच्या घरातला. तंत्रज्ञाने तो मोठ्याने वाचला आणि पुन्हा मोजू का, म्हणून विचारले. पुन्हा मोजले, फारसा फरक पडला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी करून गाठीवर लक्ष ठेवायचे ठरले, कारण या गाठी मोठ्या झाल्या, विशेषतः ४ सेंटिमीटरच्या पुढे गेल्या, की त्यांच्यातल्या कमकुवत वाहिन्या फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते.

ही फुशारकी समजू नये म्हणून उलट बाजूही सांगितली पाहिजे. सुमारे ५ टक्के अँजिओमायोलायपोमांमध्ये स्कॅनवर दिसण्याइतकी चरबी नसतेच. अशाच एका गाठीला मी ‘कर्करोग’ म्हणून रिपोर्ट दिला होता. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजिस्टचा फोन आला आणि तो काय म्हणाला ते मी अजून विसरलेलो नाही. तिचे एमआरआय केले असते तर कदाचित शंका आली असती. एमआरआयच्या टी-२ चित्रात चरबी नसलेल्या या गाठी गडद दिसतात, तर किडनीचा सर्वांत जास्त आढळणारा क्लिअर सेल कर्करोग सहसा उजळ दिसतो. ‘कदाचित’ म्हणण्याचे कारण असे, की पॅपिलरी हा दुसऱ्या प्रकारचा कर्करोगही त्या चित्रात गडदच दिसतो. शिवाय, क्वचित कर्करोगातही चरबी असू शकते. चरबीसोबत गाठीत कॅल्शियमचे डाग दिसले तर सावध व्हायचे असते. सोनोग्राफीचे तर विचारूच नये. त्यात अँजिओमायोलायपोमा पांढरा शुभ्र दिसतो हे खरे, पण ३ सेंटिमीटरहून लहान कर्करोगांपैकी बरेचसे तसेच पांढरे दिसतात. म्हणून केवळ सोनोग्राफीवर ‘ही चरबीची गाठ आहे, काळजी नको’ असा दिलासा देणे मला कधीच पटले नाही.

लेखात ‘ऑनकोसायटोमा’ या कर्करोग नसलेल्या गाठीचा उल्लेख एका वाक्यात आला आहे आणि ‘मधल्या चांदणीसारख्या व्रणावरून ती ओळखता येते’ असे म्हटले आहे. पाठ्यपुस्तकातले ते चित्र देखणे असते, प्रत्यक्षात मात्र तो व्रण साधारण एक तृतीयांश गाठींतच दिसतो. आणि क्रोमोफोब या आणखी एका प्रकारच्या कर्करोगात, किंवा मध्यभाग मृत झालेल्या क्लिअर सेल कर्करोगातही हुबेहूब तशी चांदणी दिसू शकते. ऑनकोसायटोमा शरीरात पसरत नाही, पण सीटी किंवा एमआरआयवर तो कर्करोगापासून भरवशाने वेगळा काढता येत नाही, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. शस्त्रक्रियेने काढलेल्या ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचात एक गाठ शेवटी कर्करोगाची निघत नाही. कर्करोग न निघालेल्या त्या गाठींत ऑनकोसायटोमा आणि अँजिओमायोलायपोमा या दोन नावांचा वाटा मोठा आहे.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी आण्विक चित्रण कामी येऊ लागले आहे. ऑनकोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांनी, ठासून भरलेल्या असतात. हृदयाच्या तपासणीत वर्षानुवर्षे वापरले जाणारे सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य मायटोकॉन्ड्रियांतच साठते, त्यामुळे त्या द्रव्याचा माग काढणाऱ्या स्पेक्ट-सीटीवर ही गाठ उजळून निघते आणि क्लिअर सेल कर्करोग फिका राहतो. क्रोमोफोबच्या काही गाठी मात्र इथेही फसवतात. दुसऱ्या बाजूने, क्लिअर सेल कर्करोगाच्या पेशींवरील कार्बॉनिक अनहायड्रेज-९ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून पेट स्कॅनवर तोच कर्करोग थेट दाखवण्याचे प्रयत्नही बरेच पुढे गेले आहेत. आणि मग बायॉप्सी आहेच. सुईच्या मार्गाने कर्करोग पसरतो ही भीती रुग्णांच्या मनात अजून घट्ट बसली आहे. किडनीतल्या घन गाठींच्या बाबतीत तसे घडल्याची उदाहरणे अत्यंत विरळा आहेत. खरी अडचण वेगळी आहे: काही वेळा सुईत पुरेसा नमुना येत नाही, आणि ऑनकोसायटोमाच्या लहानशा तुकड्यावर पॅथॉलॉजिस्टही ठाम बोलायला कचरतो.

आता ज्या गाठी खऱ्या अर्थाने दुर्मीळ आहेत, त्यांच्याकडे वळतो. लेखात त्यांचा विषयच आलेला नाही, आणि त्या ओळखण्यात चित्रापेक्षा चित्रासोबत आलेला कागद जास्त उपयोगी पडतो, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. सीटीच्या मागणीपत्रावर वर्षानुवर्षे आमच्याकडे एकच ओळ यायची: ‘किडनी मास, कॉन्ट्रास्ट सीटी’. रुग्णाचे वय सोडले तर दुसरे काही नाही. समजा, त्याच कागदावर ‘वय २०, रक्तदाब खूप जास्त, पोटॅशियम कमी’ एवढे लिहिले, तर मी किडनीच्या सालीलगत एखाद्या सेंटिमीटरची, कॉन्ट्रास्ट फारसा न घेणारी गाठ शोधायला बसेन. रेनिन हे संप्रेरक ओतणारी ती गाठ जगभरात मोजक्याच रुग्णांत आढळलेली आहे. सोनोग्राफीत ती सहज निसटते, पण सापडली आणि काढली, की बहुतेकांचा रक्तदाब उतरतो. किंवा ‘सिकलसेलचा वाहक’ एवढे दोन शब्द. तरुण वाहकाच्या किडनीच्या मध्यभागातून पसरणारी, किडनीचा आकार तसाच ठेवून तिला आतून पोखरणारी गाठ दिसली, तर मेड्युलरी कर्करोग मनात आलाच पाहिजे. हा आजार फार वेगाने पसरतो आणि त्यात आठवडेही महत्त्वाचे असतात. ते दोन शब्द नसतील, तर तेच चित्र एखाद्याला जंतुसंसर्गाचे वाटू शकते.

वंशपरंपरेने येणाऱ्या आजारांतही हेच घडते. किडनीसाठी केलेल्या पोटाच्या सीटीत सर्वांत वरच्या काही कापांत फुप्फुसांचा तळ आलेला असतो. ते काप अनेकजण भराभर सरकवून पुढे जातात. तिथे पातळ भिंतीचे हवेचे फुगे दिसले आणि किडन्यांत एकाहून अधिक गाठी असल्या, तर रुग्णाच्या चेहऱ्यावर बारीक पांढरट पुटकुळ्या आहेत का, घरात कोणाचे फुप्फुस अचानक मिटले होते का, हे विचारायला हवे. बर्ट-हॉग-ड्युबे या आजाराचा धागा तिथे हाती लागू शकतो. दोन्ही किडन्या अँजिओमायोलायपोमांनी भरलेल्या असल्या, तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा विचार करावा लागतो, आणि मग उपचारांची दिशाच बदलते. तिथे गाठी आकसवणारी औषधेही आहेत. व्हॉन हिपेल-लिंडाऊ आजारात सगळ्यात मोठी गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत शस्त्रक्रियेसाठी थांबण्याची पद्धत आहे. उलट, त्वचेवर स्नायूंच्या गाठी आणि तरुण वयात गर्भाशयात मोठे फायब्रॉइड यांच्यासोबत येणारा किडनीचा कर्करोग लहान असतानाच पसरू शकतो, त्यामुळे तिथे थांबायचे नसते. एकाच मापाच्या दोन गाठी, आणि सल्ला अगदी विरुद्ध. हे स्कॅनवर लिहिलेले नसते.

लहान मुलांचा विषय स्वतंत्र आहे. तिथे विल्म्स ट्यूमर ही प्रमुख गाठ, तर पहिल्या तीन महिन्यांच्या बाळात मेसोब्लास्टिक नेफ्रोमा. त्यावर एखाद्या बालरोग रेडिओलॉजिस्टने लिहावे.

लेखाच्या शेवटी कृत्रिम बुद्धिमत्ता लवकरच सारे ओळखू लागेल, असे भाकीत आहे. यंत्र अनेक उदाहरणे बघून शिकते. क्लिअर सेल कर्करोगाची उदाहरणे त्याला हवी तेवढी मिळतील; ज्या गाठींचे रुग्ण जगभरात मोजके आहेत, त्यांची कुठून आणायची? शिवाय, त्याला दिलेल्या चित्रांत साधी फेरीच नसेल, तर वर सांगितलेली तांदळाच्या दाण्यांएवढी चरबी त्यालाही दिसणार नाही.

रुग्णांना एवढेच सुचवेन, की जुन्या तपासण्यांच्या सीडी आणि फिल्म टाकून देऊ नयेत आणि नव्या स्कॅनला जाताना त्या सोबत न्याव्यात. केवळ रिपोर्टाचा कागद पुरत नाही, कारण आम्हाला दुसऱ्याचे मत नव्हे, तर चित्र हवे असते. काही वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी केलेल्या साध्या सीटीत आजच्या गाठीतली चरबी स्पष्ट दिसते, असे मी अनेकदा अनुभवले आहे. गाठ हळू वाढते म्हणजे ती निरुपद्रवी, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढू नये. ऑनकोसायटोमाही वाढतो आणि लहान कर्करोगही पुष्कळदा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. लेखासोबतचे चित्र कुठून घेतले ते पाहावे आणि शक्य झाल्यास मूळ चित्र एखाद्या रेडिओलॉजिस्टला दाखवून गाठीतल्या त्या करड्या ठिपक्यांचा आकडा मोजून घ्यावा. तो उणे १० च्या खाली आला, तर पुढच्या पुरवणीत ‘किडनीचा कर्करोग’ ही ओळ मागे घेऊन त्या जागी ‘चरबी असलेली गाठ, बहुधा अँजिओमायोलायपोमा’ असे छापावे. तो वर आला, तर माझी चूक झाली असे छापावे, त्यालाही माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त रेडिओलॉजिस्ट